ब्रायटनमधील हिवाळा : रवींद्रनाथांच्या विद्यार्थिदशेचे एक प्रकरण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'विलायतेस जाणे' या शब्दप्रयोगाला हिंदुस्थानातील सुशिक्षित वर्गात एक ठरीव अर्थ प्राप्त झाला होता. सनदी नोकरीची परीक्षा द्यावयाची किंवा बॅरिस्टर होऊन यावयाचे, यांपैकी एक हेतू त्या शब्दांत गृहीत असे. जो सनद घेऊन आला त्याचे जाणे सार्थकी लागले असे मानत; जो रिकाम्या हातांनी परतला त्याच्या विलायतवारीविषयी घरात फारसे बोलले जात नसे. या हिशेबाने रवींद्रनाथ ठाकुरांची १८७८ ते १८८० या काळातील पहिली विलायतवारी फसलेली म्हणावी लागेल. बॅरिस्टर होण्यासाठी पाठविलेला हा सतरा वर्षांचा मुलगा सुमारे दीड वर्षाने परतला तेव्हा त्याच्यापाशी ना पदवी होती, ना सनद. चरित्रकार या काळाकडे साधारणतः पुढील कर्तृत्वाची प्रस्तावना म्हणून पाहतात. त्यातही ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी गेलेला पहिला हिवाळा दोन-चार गमतीदार आठवणींपुरताच उरतो. परंतु परक्या देशात विद्यार्थी म्हणून रुळणे म्हणजे काय, ते कोणाच्या आधाराने घडते आणि त्यातून लेखकाच्या हाती काय लागते, या प्रश्नांचा विचार करण्यास हेच प्रकरण विशेष उपयोगी आहे. या प्रकरणाच्या दोन साक्षी उपलब्ध असून दोन्ही एकाच माणसाच्या आहेत. एक, त्या मुलाने त्याच वेळी लिहिलेली पत्रे. दुसरी, पन्नाशीतील कवीने लिहिलेली 'जीवनस्मृति'. या दोन साक्षी एकमेकींशी पुरत्या जुळत नाहीत.

विलायतेची तयारी अहमदाबाद आणि मुंबई येथे झाली. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे १८६३ मध्ये सनदी नोकरीसाठी निवडले गेलेले पहिले भारतीय. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. ते मराठी शिकले आणि तुकारामाचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. १८७८ मध्ये ते अहमदाबादेस न्यायाधीश होते. त्यांच्या शाहीबागेतील वाड्यात काही महिने काढल्यानंतर रवींद्रनाथांना मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी ठेवण्यात आले. हे घर मराठी वाचकांना अपरिचित नाही. आत्माराम पांडुरंग हे १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक आणि १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणाऱ्या दादोबा पांडुरंगांचे बंधू. त्यांची कन्या अन्नपूर्णा विलायतेहून नुकतीच परतली होती. तिच्याकडून या लाजाळू मुलाने इंग्रजी संभाषण आणि तिकडील रीतिभाती शिकाव्यात अशी योजना होती. शिकणे किती झाले हे सांगणे कठीण. परंतु या विद्यार्थ्यापाशी इंग्रजी बोलण्याचे सामर्थ्य नसले तरी कविता होती. त्याने आपल्या शिक्षिकेला 'नलिनी' असे नाव दिले आणि ते एका गीतात गुंफले. ज्या मुलाने 'भारती' मासिकात अँग्लो-सॅक्सन साहित्य, दांते, पेत्रार्क आणि गटे यांवर लेख लिहिले होते, त्याला इंग्रजी माणसाशी चार वाक्ये बोलताना संकोच वाटत होता. पुस्तकी विलायत आणि प्रत्यक्ष विलायत यांतील हे अंतर मुंबईतच दिसू लागले होते.

२० सप्टेंबर १८७८ रोजी 'पूना' नावाच्या आगबोटीने दोघे बंधू मुंबईहून निघाले. सुवेझपर्यंत समुद्र, तेथून अलेक्झांड्रियापर्यंत आगगाडी, पुन्हा बोटीने इटलीतील ब्रिंडिसी बंदर आणि मग आगगाडीने इटली व फ्रान्स ओलांडून पॅरिस आणि लंडन, असा तो मार्ग होता. लंडनमधील अल्प मुक्कामानंतर ते ब्रायटनला आले, कारण तेथे घर होते. आणि ते घर एका स्त्रीने उभे केले होते.

ही गोष्ट चरित्रांतून पुरेशी ठसठशीतपणे मांडली जात नाही. सत्येंद्रनाथांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८७७ मध्ये, पती सोबत नसताना, लहान मुलांना घेऊन आणि गरोदर अवस्थेत विलायतेस गेल्या होत्या. त्या वेळी त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते. प्रथम लंडनमध्ये ज्ञानेंद्रमोहन ठाकुरांच्या आश्रयाने राहून पुढे त्या समुद्रकाठी, ब्रायटनला लागून असलेल्या होव्हच्या हद्दीत मेदिना व्हिलाज या वस्तीत राहू लागल्या. या वास्तव्यातच त्यांना दोन लहानग्यांचा वियोग सोसावा लागला. घरभाडे, मोलकरीण, कोळसा, मुलांचे कपडे, शेजाऱ्यांशी बोलणे, हे सगळे त्यांनी आधीच निभावले होते. रवींद्रनाथ आले ते या सिद्ध झालेल्या घरात. सहा वर्षांचा सुरेंद्र आणि पाचव्या वर्षात असलेली इंदिरा ही तेथील त्यांची पहिली सोबत होती. 'जीवनस्मृति'मध्ये पहिल्या बर्फाची जी आठवण आहे तीही या घरातीलच. थंडी वाढली होती, शेकोटीपाशी सारे बसले होते, मुले उत्तेजित होऊन सांगत आली, आणि बाहेर पाहावे तो चांदण्यात सारी भूमी पांढरी झालेली. हा अनुभव एकट्याने भाड्याच्या खोलीत घेणाऱ्या विद्यार्थ्याचा नाही. तो घरातील दीराचा आणि मुलांच्या काकाचा आहे.

या मुद्द्याला तुलनेने अधिक उठाव येतो. त्यानंतर सुमारे दशकभराने कायद्याचा अभ्यास करणारे मोहनदास गांधी हेही ब्रायटनला गेले होते. आत्मकथेत त्यांनी तेथील उपाहारगृहातील प्रसंग सांगितला आहे. पदार्थांची यादी फ्रेंच भाषेत होती, ती त्यांना वाचता येईना, आणि शेजारी बसलेल्या एका वृद्ध विधवेने कोणता पदार्थ शाकाहारी आहे हे सांगून त्यांची अडचण दूर केली. परक्या गावातील विद्यार्थ्याची पहिली परीक्षा वर्गात होत नाही. ती ताटापाशी, दाराशी आणि रस्त्यात होते. गांधींना तेथे अनोळखी स्त्रीची मदत झाली. रवींद्रनाथांना वहिनींचे घर होते.

ब्रायटन हे गावही या दृष्टीने विलक्षण होते. मूळची ही ब्राइटहेल्मस्टन नावाची कोळ्यांची वस्ती. अठराव्या शतकाच्या मध्यावर डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राच्या पाण्याच्या उपचाराचा पुरस्कार केल्यानंतर श्रीमंतांचे लक्ष तिकडे वळले. पुढे चौथा जॉर्ज म्हणून राजा झालेल्या युवराजाने तेथे आपला विलासवाडा उभारला. १८१५ ते १८२२ या काळात जॉन नॅश या वास्तुविशारदाने त्यावर हिंदुस्थानी धाटणीचे घुमट आणि मनोरे चढविले. तो वाडा १८५० मध्ये गावाने विकत घेतला. १८४१ मध्ये लंडनची रेल्वे आल्यावर राजाचे गाव सामान्यांचेही झाले. लाटांवर पाय रोवून उभा असलेला वेस्ट पिअर १८६६ मध्ये आणि मत्स्यालय १८७२ मध्ये खुले झाले. येथे हिंदी माणूसही अगदी नवा नव्हता. पाटण्यात जन्मलेल्या आणि १७९४ मध्ये इंग्रजीत प्रवासवर्णन प्रसिद्ध करणाऱ्या शेख दीन महंमद यांनी याच किनाऱ्यावर स्नानगृह चालविले, दोन राजांच्या अंगाला चंपी केली आणि १८५१ मध्ये याच गावी देह ठेवला. ब्रायटनने हिंदुस्थानचे घुमट स्वीकारले होते आणि हिंदुस्थानची चंपीही. हिंदुस्थानातून आलेला विद्यार्थी ही वस्तू मात्र गावाला अद्याप सवयीची नव्हती.

रवींद्रनाथांना ब्रायटनमधील एका शाळेत घालण्यात आले. कलकत्त्यातील शाळांशी त्यांचे कधीच जमले नव्हते. एकामागून एक शाळा त्यांनी सोडल्या होत्या. येथे मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडे निरखून पाहिले आणि पहिली गोष्ट बोलून दाखविली ती त्यांच्या मस्तकाच्या देखणेपणाविषयी. घरी त्यांचा अभिमान उतरविण्याचे काम एका व्यक्तीने आपल्याकडे घेतले होते आणि त्यांचे रूप जेमतेमच असल्याची त्यांची खात्री करून दिली होती. त्यामुळे या अभिप्रायाने ते चकित झाले. सहाध्यायी मुलांनीही त्यांचा छळ केला नाही. उलट कधी कधी त्यांच्या खिशात संत्री किंवा सफरचंदे कोंबून ती मुले पळून जात. आपण परदेशी होतो म्हणून असे घडले असावे, असे रवींद्रनाथांनी म्हटले आहे.

ही आठवण गोड आहे, परंतु ती नीट वाचली पाहिजे. फळ देऊन पळून जाणाऱ्या मुलाला मैत्री करावयाची असते, पण बोलावयाचे कसे हे ठाऊक नसते. डोके निरखणाऱ्या मुख्याध्यापकाच्या कौतुकातही पाहणाऱ्याचे कुतूहल आहे. त्या शाळेत रवींद्रनाथांना त्रास झाला नाही हे खरे. पण ते तेथे एक विद्यार्थी म्हणून इतरांत मिसळले असे या आठवणींतून दिसत नाही. ते पाहिले गेले, त्यांचे कौतुक झाले, आणि थोड्याच दिवसांत ते तेथून गेले.

पत्रांतील ब्रायटन याहून पुष्कळच खडबडीत आहे. रस्त्याने जाताना लोक वळून पाहतात, काही तोंडावर हसतात, पोरे एकमेकांना हाका मारून काळ्या माणसांकडे बोट दाखवितात, अशा नोंदी त्यांत आहेत. नृत्यसमारंभांची वर्णने आहेत. वेषांतराच्या एका समारंभाला रवींद्रनाथ जरीच्या मखमली पोशाखात, पागोटे घालून बंगालचे जमीनदार बनून गेले. या प्रसंगातील उपरोध लक्षणीय आहे, कारण ते खरोखरच एका मोठ्या जमीनदाराचे पुत्र होते. स्वतःच्या घराण्याचा वेष त्यांनी परदेशात सोंग म्हणून चढविला होता. आपल्या अपेक्षाभंगाचाही त्यांनी मोकळेपणाने उल्लेख केला आहे. इंग्लंड हे लहानसे बेट असल्यामुळे त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ग्लॅडस्टनचे वक्तृत्व, मॅक्स म्यूलरची वेदव्याख्या, टिंडॉलचे विज्ञान आणि कार्लाइलचे चिंतन दुमदुमत असेल अशी त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात स्त्रिया पोशाखाच्या आणि पुरुष कामधंद्याच्या विवंचनेत असलेले पाहून त्यांना हसू आले. हे हसू तिथल्या माणसांइतकेच स्वतःच्या भाबडेपणाचेही आहे. विलायतेत राहून साहेबी थाट करणाऱ्या बंगाली मंडळींवर त्यांनी सर्वांत तिखट लिहिले. आणि त्याच वेळी तेथील समाजात स्त्रीपुरुषांच्या मोकळ्या वावराची बाजू इतक्या आवेशाने घेतली की 'भारती'चे संपादक असलेल्या थोरल्या बंधूंना, द्विजेंद्रनाथांना, पत्रे छापताना आपला मतभेद टीपांतून नोंदवावा लागला. घरच्याच मासिकात धाकट्या भावाचे पत्र आणि त्याखाली थोरल्याचा प्रतिवाद, असा हा वाद १८७९ पासून बंगाली वाचकांसमोर चालला.

संगीताच्या बाबतीतही रुळण्याची क्रिया अशीच वाकडीतिकडी झाली. ब्रायटनमध्ये असताना रवींद्रनाथ एका विख्यात गायिकेचे गाणे ऐकण्यास गेले. पुढे आठवताना ती निल्सन होती की आल्बानी याविषयी ते स्वतःच साशंक आहेत. तिच्या गळ्याची तयारी थोर होती. परंतु पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या त्या ताना ऐकून त्यांना प्रथम हसूच आले. कान तयार होण्यास वेळ लागला. पुढे पुरुषगायकांच्या स्वराने त्यांना स्पर्श केला आणि टॉमस मूरच्या आयरिश गीतांपैकी काही ते शिकले. घरी परतल्यावर त्यांनी ती म्हणून दाखविली तेव्हा रवीच्या आवाजाला काय झाले, तो असा परका का वाटतो, असे घरच्यांना वाटले. पण १८८१ मध्ये जोडासाँकोच्या वाड्यात 'वाल्मीकि-प्रतिभा' ही संगीतनाटिका झाली तेव्हा त्या विलायती चाली देशी रागांच्या शेजारी जाऊन बसल्या. ब्रायटनमध्ये ज्याला हसू आले त्याचाच अंश दोन-तीन वर्षांत वाल्मीकीच्या कथेत उतरला होता.

ब्रायटनचा मुक्काम लवकरच संपला. सत्येंद्रनाथांचे स्नेही तारकनाथ पालित यांना दिसले की मुलगा घरच्यांत राहिला तर विलायत शिकणार नाही. त्यांनी त्याला लंडनला नेऊन रीजंट पार्कसमोरील एका खोलीत ठेवले. हा हिशेब पालकाचा होता आणि त्यात तथ्य होते. परंतु त्या खोलीतील एकाकीपण, पानगळ झालेली झाडे आणि एका कल्पनेने झपाटलेले दरिद्री लॅटिन शिक्षक यांच्या ज्या आठवणी 'जीवनस्मृति'त आहेत त्या वाचल्यावर ब्रायटनच्या घराचे मोल अधिकच कळते. पुढे वहिनींनी त्यांना डेव्हनमधील टॉर्की या दुसऱ्या समुद्रकाठच्या गावी बोलावून घेतले. तेथे खडकावर बसून त्यांनी 'भग्नतरी' ही कविता लिहिली. लंडनला परतल्यावर डॉ. स्कॉट यांच्या कुटुंबात त्यांना पुन्हा घर मिळाले आणि युनिव्हर्सिटी कॉलेजात हेन्री मॉर्ले यांच्या इंग्रजी साहित्याच्या वर्गात त्यांचे मन रमले. लोकेन पालित हा मित्रही तेथेच लाभला. नेमके तेव्हा सत्येंद्रनाथांची रजा संपली आणि त्यांच्याबरोबर परत यावे असा वडिलांचा निरोप आला. १८८० च्या आरंभी अभ्यासक्रम अर्धवट ठेवून ते निघाले. १८८१ मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी पुन्हा निघालेले रवींद्रनाथ मद्रासपर्यंत जाऊन परत फिरले, तेव्हा तो विषय कायमचा संपला.

आता दोन साक्षींचा प्रश्न. १९१२ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या 'जीवनस्मृति'त रवींद्रनाथांनी आपल्या तरुणपणच्या पत्रांवर कठोर शेरा मारला आहे. परक्या समाजात चांगले दिसेल त्याचा आदर करणे हा दुबळेपणा समजून, टीकेच्या फटकाऱ्यांनी आपली हुशारी दाखविण्याची ती पोरकट बढाई होती, असा त्याचा आशय. पुष्कळ अभ्यासकांनी हा निर्णय जसाच्या तसा स्वीकारला. पन्नाशीतील माणसाचा संयम हा सत्याचा पुरावा आहे, असे त्यांनी जणू धरून चालले. तथापि आठवण ही निवड असते. चौतीस वर्षांनंतर रस्त्यातील हसणे मागे पडले आणि खिशातील संत्रे तेवढे उरले, हे स्वाभाविक आहे. ते उदारपणाचेही आहे. परंतु हसणे घडलेच नाही असे त्यातून ठरत नाही. इतिहासाला दोन्ही हवीत. पत्रांत बढाई आहे हे मान्य करूनही, अपमानाचा आणि गोंधळाचा तत्क्षणीचा ठसा फक्त पत्रांतच सापडतो हे विसरता येत नाही.

शिवाय रवींद्रनाथांनी पत्रांतील वृत्ती नाकारली तरी त्यांची भाषा कधी नाकारली नाही. 'युरोप-प्रवासीर पत्र' या नावाने १८८१ मध्ये ग्रंथरूप झालेली ही पत्रे साधुभाषेत नसून बोलण्याच्या बंगालीत आहेत. त्या काळी छापील बंगाली गद्य म्हणजे साधुभाषा, हे जवळजवळ ठरलेलेच होते. १९३६ मध्ये 'पाश्चात्य भ्रमण' या संग्रहासाठी ही पत्रे पुन्हा हाती घेताना त्यांनी पुष्कळ काटछाट केली. पण चालत्या बोलीत लिहिलेले हे बंगालीतील पहिलेच पुस्तक असावे, असा आपला विश्वास त्यांनी त्या वेळी नोंदविला. ही भाषा सुचण्याचे कारण साहित्यिक सिद्धांतात शोधण्याची गरज नाही. ज्याच्या कानांवर दिवसभर परकी भाषा पडते तो घरच्यांना लिहू लागला की घरच्यांसारखेच बोलतो. वर्गात ज्याला इंग्रजी जपून बोलावी लागत होती, त्याची बंगाली कागदावर मोकळी सुटली.

मराठी वाचकाला या ठिकाणी आपल्याकडील पत्ररूप गद्याची आठवण होईल. १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर'मध्ये आलेल्या लोकहितवादींच्या शतपत्रांनी पत्राचा रोखठोक सूर मराठी निबंधाला दिला होता. १८८३ मध्ये पंडिता रमाबाई विलायतेस गेल्या आणि त्याच वर्षी त्यांचा 'इंग्लंडचा प्रवास' पत्ररूपानेच प्रसिद्ध झाला. विलायतेस गेलेल्या या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, आपला अनुभव सांगण्यासाठी पत्र हाच घाट निवडावा हा केवळ योगायोग नव्हे. प्रवासवर्णनाचा वाचक कोणीही असू शकतो. पत्राचा वाचक समोर असतो, त्याला पटवावे लागते, चिडवावे लागते, धीर द्यावा लागतो. परदेशात रुळू पाहणाऱ्या माणसाला असा समोरचा वाचक फार मोलाचा असतो.

बॅरिस्टरीच्या हिशेबात ब्रायटनचा हिवाळा शून्यच राहतो. एक अल्पकाळची शाळा, काही नृत्यसमारंभ, एका गायिकेचे गाणे आणि बर्फाची एक रात्र, एवढाच त्याचा तपशील. परंतु शाळांत कधीच न रुळलेल्या या विद्यार्थ्याने १९०१ मध्ये शांतिनिकेतनात स्वतःची शाळा काढली, आणि ज्या देशातून तो पदवीविना परतला त्या देशातील ऑक्सफर्ड विद्यापीठाने १९४० मध्ये शांतिनिकेतनात येऊन त्याला डॉक्टरेट अर्पण केली, ही पुढील हकीकत सर्वपरिचित आहे. तितकीशी परिचित नसलेली गोष्ट ब्रायटनच्या घराशी निगडित आहे. त्या घरातील चिमुरडी इंदिरा मोठी झाली आणि १८८७ ते १८९५ या काळात रवींद्रनाथांच्या पत्रांची मुख्य वाचक बनली. पद्मेच्या काठावरून आणि नौकेतून तिला लिहिलेली ती पत्रे बोलीतील बंगाली गद्याचा एक उत्कर्षबिंदू मानली जातात. त्यांतून निवडलेले 'छिन्नपत्र' १९१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या वर्षी 'जीवनस्मृति'त ब्रायटनच्या पत्रांना पोरकट ठरविले गेले, त्याच वर्षी त्या पत्रांची भाषा, त्याच घरातील मुलीला उद्देशून लिहिलेली, ग्रंथरूपाने वाचकांसमोर आली.